सूतभर

ऑर्फा गेली तेव्हा बेचाळीसपैकी एकतीस चौकोन झाले होते.
उरलेल्या अकरांचे तुकडे कापून, दोऱ्यात ओवून
बिस्किटांच्या डब्यात.
चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

चाळीस वर्षं मी लेथवर काढली.
पितळेतून इंचाचा हजारावा भाग सोलायचा
आणि अंगठ्याला कळायचं, अजून अर्धा राहिलाय.
तिचं शिवण बघून म्हणायचो, सगळं अंदाजपंचे.
ती बोलायची नाही.
तोंडात टाचण्या असल्या की माणसाला उत्तर देता येत नाही.

जानेवारीत कलोना गावात दुसरं काम नसतं.
बर्फातून मक्याची खुंटं वर आलेली,
रस्त्यावर एखादी घोडागाडी, कडेकडेनं.
मी आधी मशीन साफ केलं.
सुईच्या उजवीकडे एक जुनी चिकटपट्टी होती,
मळकी, कडेला धाग्यांची लव धरलेली.
खरवडून टाकली.
पूर्वीही दोनदा टाकली होती, तेल घालताना;
दुसऱ्या दिवशी बघावं तर नवी, तिथंच.

मग प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर
पोलादी पट्टीनं पाव इंच आखला.
टीप रेघेवरून ढळू दिली नाही.
आठवड्यात सात चौकोन.
सातवा तिच्या चौकोनाशेजारी ठेवला
आणि चांदणीचं टोक चांदणीला लागेना.
सूतभर लहान.
सातही काढले. सातही तेवढेच, सूतभर लहान.

म्हटलं, मापात पाप तिचंच असणार.
तळघरातून मोठा व्हर्निअर आणला.
तिचा चौकोन साडेबारा.
दुसरा साडेबारा. खालचा एक ओढून काढला,
चहाचा डाग पडलेला, तोही साडेबारा.
माझा सव्वाबारा आणि एक सूत.
पुन्हा मोजला. कापड काही पितळ नाही, ते वाढत नाही तापवून.

व्हेल्डा योडर सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी परत द्यायला आली होती.
तिनं माझा चौकोन उलटा केला,
सुलट बाजू बघितलीसुद्धा नाही.
'पाव इंच भरून घेतलास?'
भरूनच घेतात ना.
'कागदावर. कापडाला वळावं लागतं, डेलमर.
वळताना थोडं खर्च होतं ते.
आणि इस्त्री ओढतोस तू.
ठेवायची, उचलायची. ती नांगर नव्हे.'

ती गेल्यावर हिशेब मांडला.
सहा तुकडे, पाच शिवणी.
पंचवीस हजारांश एकेका वळणात जिरतात.
पाच वेळा पंचवीस.
एक सूत.
लेथवर असा पोरगा असता
तर मीच त्याला पहिल्या दिवशी सांगितलं असतं,
पात्याची जाडी धर, मग माप घे.

संध्याकाळी मशीनवर दिवा तिरपा धरला.
चिकटपट्टी गेली होती, पण डिंकाची रेघ राहिली होती,
नखाएवढी रुंद, थोडी पिवळी.
सुईपासून तिच्या काठापर्यंत मोजलं.
पाव इंचाला साडेबारा हजारांश कमी.
दोन कडा मिळून पंचवीस.
कुठून आणलं असेल तिनं हे?
घरात एकच व्हर्निअर, आणि त्याच्या पेटीची किल्ली
माझ्या खिशात असायची.

त्या रेघेला लागून नवी चिकटपट्टी लावली.
हात थोडा थरथरला, ते वयाचं आहे.
आठवा चौकोन साडेबारा भरला.
तिच्या तिसाव्याला जोडला. टोकाला टोक.
एकतिसाव्यात मात्र तिचंच एक टोक कापलं गेलंय,
शिवणीखाली बुडालंय. तो नोव्हेंबरचा असेल,
तेव्हा ती उशांना टेकून बसायची.
उसवला नाही.

सात चौकोनांचे तुकडे आता नवे कापावे लागणार,
तपकिरी कापड थोडंच उरलंय, एखादा सदरा बघावा लागेल.
जुने सात मी टाकलेले नाहीत.
ते चुकलेत असं मला अजून पूर्ण पटत नाही.
आपापसात अगदी बरोबर जुळतात ते.